तुकडा दोन बाटल्यांत पाठवा

पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो, आठवड्याने टाके निघतात. सगळं सुरळीत. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात बेंबीपाशी, जिथून दुर्बीण आत घातली होती नेमकी तिथेच, एक गाठ हाताला लागते. फारशी दुखत नाही. तापही नसतो. काही दिवसांनी तिला तोंड पडतं आणि पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागतो. डॉक्टर पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स देतात, ड्रेसिंग होतं, जखम धरल्यासारखी वाटते आणि पंधरवड्यात शेजारी दुसरी गाठ उठते. पू तपासायला जातो. अहवाल येतो, जंतूंची वाढ नाही. पुन्हा अँटिबायोटिक, या वेळी आणखी महागडं. शेवटी कुणीतरी बायोप्सी करतं, सूक्ष्मदर्शकाखाली टीबीत दिसतात तशा पेशींच्या गाठी दिसतात आणि सहा महिन्यांसाठी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. जखम वाहतच राहते.

तो टीबी नसतोच. टीबीच्या जंतूच्याच कुळातले, पण वागायला फार वेगळे असे जंतू त्या जखमेत असतात. मायकोबॅक्टेरियम चेलोनी, फॉर्च्युइटम, ॲब्सेसस ही त्यांची नावं. माती आणि पाणी हे त्यांचं राहण्याचं ठिकाण. नळाच्या पाइपला आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्यात ते ठाण मांडून बसतात आणि पिण्याच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाहीत. धडधाकट माणसाच्या अंगावरून ते रोज आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातात, काही होत नाही. पोटाच्या कातडीखालच्या चरबीत धातूच्या नळीवरून थेट नेऊन सोडले, तर मात्र ते रुजतात. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधांचा त्यांच्यावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी वेगळी औषधं लागतात, तीही काही महिने, आणि पुष्कळदा खराब झालेला भाग कापून काढावा लागतो. म्हणजे यकृतावर ताण देणाऱ्या त्या गोळ्या रुग्ण सहा महिने फुकट खातो, शिवाय घरात टीबीचं सावट येतं ते वेगळंच.

रुग्णालयात होणारे त्वचेचे असे संसर्ग पाठ्यपुस्तकांत दुर्मीळ या सदरात मोडतात. पण ज्या तपासणीने ते सापडायचे तीच होत नसेल, तर या दुर्मीळपणावर विसंबायचं कसं? दुर्मीळ म्हणून तपासायचं नाही आणि तपासलं नाही म्हणून दुर्मीळ, या फेऱ्यातून राज्याच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांना बाहेर काढलं पाहिजे. त्याला नवी इमारत लागत नाही आणि परदेशी यंत्रही लागत नाही.

हे जंतू दुर्बिणीबरोबर आत जातात कसे, हे एका भारतीय रुग्णालयातल्या साथीने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. सहा आठवड्यांत ३५ रुग्णांच्या पोटावरची मिळून १४५ छिद्रं चिघळली. २००६ साली तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात ते लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. शोध घेता घेता ते पोहोचले पाण्यापर्यंत. रसायनातून काढलेली उपकरणं ज्या पाण्याने विसळली जात होती, त्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम चेलोनी होता. निर्जंतुक करायची म्हणून रसायनात बुडवलेली वस्तू शेवटच्या पायरीवर पुन्हा जंतूंच्या पाण्यात धुतली जात होती.

ऑपरेशन थिएटरातला तो अर्धा तास नीट पाहायला हवा. ते रसायन म्हणजे ग्लुटारअल्डिहाइडचं दोन टक्क्यांचं द्रावण. थिएटरात त्याला सर्रास सायडेक्स म्हणतात. सकाळच्या लिस्टवर चार-पाच दुर्बिणीची ऑपरेशनं लागलेली असतात आणि दुर्बिणीचा संच एकच असतो. पहिला रुग्ण बाहेर गेला की दुर्बीण, ट्रोकार, लांब दांड्यांच्या पकडी घाईघाईने धुऊन ट्रेमध्ये बुडवतात, वीसेक मिनिटांनी काढतात, विसळतात आणि पुढच्या रुग्णाच्या पोटात घालतात. या पकडींना सांधे असतात, वर इन्सुलेशनचं आवरण असतं, आतून पोकळ नळी असते. सुट्या करून ब्रशने घासल्या नाहीत, तर आधीच्या रुग्णाच्या रक्ताचा कण तिथे अडकून राहतो आणि रसायन त्याच्याखाली पोहोचत नाही. शिवाय वीस मिनिटांत होतं ते उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण, संपूर्ण नव्हे. टिकाऊ बीजाणूंसकट सगळं मारायचं, तर याच द्रावणात उपकरण आठ ते दहा तास बुडून राहावं लागतं. लिस्ट चालू असताना दहा तास कुणाकडे असतात? त्यात सिस्टरचा किंवा ओटी असिस्टंटचा दोष काढण्यात अर्थ नाही. एका संचात पाच ऑपरेशनं बसवण्याचा निर्णय त्यांचा नसतो.

ब्राझीलने हे फार महागात शिकून घेतलं. रिओ दी जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांतून अशा संसर्गाचे हजाराच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले. बहुतेकांची ऑपरेशनं दुर्बिणीची. जंतू ॲब्सेससच्या कुळातला होता आणि प्रयोगशाळेत तपासल्यावर कळलं, की दोन टक्के ग्लुटारअल्डिहाइडमध्येही तो जिवंत राहतो. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या आरोग्य नियामकाने त्वचा भेदून आत जाणाऱ्या दुर्बिणी आणि शस्त्रक्रियेची उपकरणं रसायनात बुडवून निर्जंतुक करण्यावर देशभर बंदी घातली. वाफेवर, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, किंवा वायूच्या वा प्लाझ्माच्या यंत्रात ती निर्जंतुक करायची, एवढाच पर्याय ठेवला. आज मिळणाऱ्या बहुतेक दुर्बिणी १३४ अंशांची वाफ सोसतात. आपल्याकडे अडचण एवढीच, की ऑटोक्लेव्हमधून निघून थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून दुसरा, तिसरा संच विकत घ्यावा लागतो. तो खर्च ऑपरेशनच्या बिलात धरायचा की वाहणाऱ्या जखमेच्या रूपाने रुग्णाकडून वसूल करायचा, हा खरा प्रश्न आहे.

आता प्रयोगशाळेकडे. पुवाच्या अहवालात जंतू दिसत नाहीत, यामागे कुणाची लबाडी नसते. नेहमीचे जंतू एका रात्रीत वाढतात, म्हणून कल्चरच्या बशा साधारण अठ्ठेचाळीस तास पाहून टाकून दिल्या जातात. हे जंतू मात्र तीन ते सात दिवस घेतात. बशी बादलीत गेल्यानंतर ते उगवले असते. डॉक्टरने मागणीच्या कागदावर 'शस्त्रक्रियेची जागा, चौथा आठवडा, मायकोबॅक्टेरिया व बुरशी शोधा' एवढं लिहिलं, तर तंत्रज्ञ बशी ठेवून देतो. बहुतेक कागदांवर फक्त 'पू, कल्चर' असतं.

याहून मोठं नुकसान होतं ते फॉर्मलिनमुळे. जखमेचा तुकडा काढला की सिस्टर तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकते, कारण बायोप्सीची हीच सवय हाताला लागलेली असते. पॅथॉलॉजिस्टला पेशींची रचना पाहायची असते, त्याच्यासाठी ते योग्यच. पण फॉर्मलिनमध्ये गेल्या क्षणी तुकड्यातला प्रत्येक जंतू आणि प्रत्येक बुरशी मरते. मग त्यातून कुणी काहीही वाढवून दाखवू शकत नाही. हातात उरतो तो 'टीबीसारख्या गाठी' हा एकच शेरा. तोच तुकडा दोन भागांत कापून एक फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, त्याच दिवशी मायक्रोबायॉलॉजीकडे पाठवला असता, तर रुग्णाचे सहा महिने वाचले असते. सलाईनची बाटली प्रत्येक वॉर्डात असते. लागतो तो फक्त थिएटरच्या भिंतीवर चिकटवलेला एक लेखी नियम आणि तो पाळला जातो का हे पाहणारा माणूस.

महाराष्ट्राला आणखी एक सोय आयती आहे. क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यंत्रं तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत. ती फक्त टीबीच्याच जंतूची जनुकं ओळखतात. काचपट्टीवर तांबडे, आम्लाला न बधणारे जंतू दिसत आहेत आणि यंत्र मात्र टीबी नाही म्हणतंय, अशी जोडी समोर आली की डॉक्टरने थांबलं पाहिजे. ती जोडीच सांगत असते, की हा पाण्यातला नातेवाईक आहे. पण तुकडा फॉर्मलिनमध्ये गेलेला असेल, तर पुढची तपासणी तिथेच खुंटते.

जंतूंच्या बाबतीत महिने वाया जातात. बुरशीच्या बाबतीत दुपार वाया गेली तरी भारी पडते.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचं नाव घराघरांत पोहोचलं ते नाकाच्या आणि डोळ्याच्या आजारामुळे. त्याच कुळातल्या बुरश्या त्वचेतूनही शिरतात हे फारसं बोललं गेलं नाही. अपघाताची मातीने भरलेली जखम, भाजलेली कातडी, सलाईनची सुई टोचलेली जागा, कमरेत दिलेलं इंजेक्शन, ही त्यांची दारं. भारतात इंजेक्शनच्या जागी झालेल्या म्युकरच्या नोंदी वारंवार झालेल्या आहेत. त्यातली ॲपोफायसोमायसेस ही बुरशी १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा वर्णिली गेली ती उत्तर भारतातल्या आंब्याच्या बागेतल्या मातीतून. सक्सेनिया ही दुसरी, १९५३ मध्ये मध्य प्रदेशातल्या जंगलाच्या मातीत सापडलेली. या मातीशी रोजचा संबंध असलेल्या शेतकऱ्याच्या पायाला रोटाव्हेटर लागतो, तेव्हा जखम टाके घालून बंद करण्याआधी ही नावं डॉक्टरच्या डोक्यात यायला हवीत.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर २२ मे २०११ रोजी टॉर्नेडो आदळला. लाकडाच्या ढलप्या, काचा आणि माती अंगात घुसून जखमी झालेल्या लोकांपैकी १३ जणांच्या जखमांत हीच ॲपोफायसोमायसेस वाढली आणि पाच जण दगावले. जखमा आधी साध्या वाटल्या होत्या. मग कडा लाल झाल्या, मधला भाग काळा पडत गेला. ही बुरशी थेट रक्तवाहिन्यांत शिरते, आत रक्त गोठतं आणि पुढची कातडी उपाशी मरते. म्हणून तो काळेपणा. औषधही रक्तातूनच जायचं असल्याने मेलेल्या भागात ते पोहोचतच नाही, आणि सर्जनला कडेने ताजं रक्त येईपर्यंत कापत जावं लागतं. जेवढा उशीर, तेवढा हात किंवा पाय वरून जातो.

ओळखायची तपासणी मात्र साधी आहे. तुकड्याचा कण काचपट्टीवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घालायचा, थोडा वेळ थांबून पाहायचं. रुंद, फितीसारखे, आत आडपडदे जवळपास नसलेले धागे दिसले की सर्जनला फोन. हे काम तासाभरात होतं. कल्चरसाठी मात्र इथेही एक खाच आहे. तुकडा वाटून लगदा केला, तर पडदे नसलेले ते धागे फुटून मरतात आणि बशीत काहीच उगवत नाही. तो सुरीने बारीक चिरायचा असतो. अशी बारीकसारीक कौशल्यं मायक्रोबायॉलॉजिस्टकडे असतात, आणि म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक मायक्रोबायॉलॉजिस्ट पूर्णवेळ हवा, ही मागणी चैनीची नाही. आजही पुष्कळ ठिकाणी नमुना दुसऱ्या शहरात पाठवला जातो आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाचं दैव ठरून गेलेलं असतं.

सगळ्यात अस्वस्थ करतात त्या गोष्टी वॉर्डातल्या निरुपद्रवी वस्तूंच्या. बर्मिंगहॅममध्ये चार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रायझोपस या म्युकरच्याच कुळातल्या बुरशीचा संसर्ग झाल्याचं १९९६ साली प्रसिद्ध झालं. माग काढल्यावर ती सापडली जीभ दाबून घसा बघायच्या लाकडी पट्टीत. सलाईनची सुई हलू नये म्हणून बाळाच्या हाताखाली तीच पट्टी आधार म्हणून बांधली होती. सव्वीस-सत्तावीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या कातडीचा वरचा कठीण थर अजून तयारच झालेला नसतो. चिकटपट्टी ओढली तरी सोलवटते. त्या कातडीवर दमट गुंडाळीत लाकूड दिवसभर टेकून राहिलं. आपल्याकडे अनेक ठिकाणी हाच आधार पुठ्ठ्याच्या तुकड्याला गॉज गुंडाळून केला जातो. पुठ्ठा निर्जंतुक नसतो. तो बदलून धुता येणारी किंवा निर्जंतुक पाकिटातली पट्टी वापरायला नवजात अतिदक्षता विभागांनी कुणाच्या आदेशाची वाट का पाहावी?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००८-०९ या वर्षभरात मुलांच्या एका रुग्णालयात पाच मुलांना म्युकरने गाठलं आणि पाचही गेली. तपासनीसांनी वस्तूंचे नमुने घेतले तेव्हा धुऊन आलेल्या ६२ चादरी-कपड्यांपैकी २६ वर रायझोपस निघाली. इतर २५ वस्तूंपैकी फक्त एकीवर. ऑक्सफर्डच्या मेंदूविकार अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर कँडिडा ऑरिस ही औषधांना न जुमानणारी यीस्ट पोहोचली. ती काखेत आणि जांघेत तळ ठोकते. तिथे ती पोहोचवत होता काखेत लावायचा, एका रुग्णावरून दुसऱ्यावर जाणारा तापमानाचा प्रोब. तो वापरातून काढला तेव्हा साथ आटोक्यात आली. हीच यीस्ट दिल्लीच्या रुग्णालयांतून २०१३ मध्ये नोंदली गेली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या घातक बुरश्यांच्या यादीत तिला सर्वांत गंभीर गटात ठेवलं आहे.

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची गोष्ट थोडक्यात सांगायची, तर त्यांच्याकडे कातडी वाचणारा डॉक्टर हवा. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी संपलेल्या असताना पायाच्या नखाकडेची जुनी सूज फ्युसेरियम बुरशीचं दार ठरू शकते. तिथून ती रक्तात जाऊन अंगभर काळपट गाठी उठवते. स्यूडोमोनास जंतू रक्तात शिरला, तर मधोमध काळी खपली असलेला एखादाच डाग काखेत किंवा जांघेत येतो. रक्ताचा अहवाल येण्याआधी हा डाग दिसलेला असतो, पण चादर बाजूला करून रोज पायाच्या बोटांपासून वरपर्यंत पाहिलं तरच.

बर्मिंगहॅमची पट्टी, न्यू ऑर्लिन्सच्या चादरी, भारतातलं ते विसळायचं पाणी, हे सगळं आज ठाऊक आहे याचं कारण कुणीतरी मोजलं आणि कुणीतरी लिहिलं. आपल्याकडे ते लिहिणं अवघड करून ठेवलेलं आहे. एखाद्या नर्सिंग होमच्या डॉक्टरला लागोपाठ तीन रुग्णांच्या बेंबीपाशी गाठी दिसल्या, तर तो कुणाला सांगणार? सांगितलं, तर बदनामी, ग्राहक न्यायालय, प्रसंगी तोडफोड. न सांगता थिएटर धुऊन काढलं, तर निभावून जातं. हे बदलायचं, तर नोंदवणाऱ्याला संरक्षण देणारी, नावं गुप्त ठेवणारी आणि मदतीला माणूस पाठवणारी व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यात हवी. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकर नोंदवणं बंधनकारक करायला सांगितलं, आणि जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते, त्यातले नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. विचारलं, म्हणून आकडा मिळाला. आकडा मिळाला, म्हणून ॲम्फोटेरिसिन बी हे त्यावरचं औषध किती लागेल याचा अंदाज बांधता आला.

खासगी रुग्णालयांसाठी राज्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारलेही आहेत. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला येणाऱ्या रुग्णालयात आग विझवायची सोय पाहिली जाते, जैविक कचऱ्याचा करार पाहिला जातो. त्याच भेटीत दुर्बिणीचे संच किती, लिस्टवर ऑपरेशनं किती आणि ऑटोक्लेव्हची नोंदवही भरलेली आहे का, हे तिथेच ताडून पाहता येईल. आकडे जुळत नसतील, तर उपकरणं ट्रेमध्ये बुडवली जात आहेत हे कळायला आणखी चौकशी लागणार नाही. ब्राझीलसारखी बंदी आज घातली आणि छोट्या रुग्णालयांना संच घ्यायला वर्षाची मुदत दिली, तर त्यात अन्यायाचं काही नाही.

आणि एक काम याच महिन्यात सुरू होऊ शकतं. फुप्फुसाबाहेरच्या टीबीचे जे रुग्ण आज सरकारी औषधं घेत आहेत, त्यांचा आजार शरीरात कुठे आहे हे क्षयरोग कार्यक्रमाच्या निक्षय नोंदणीत लिहिलेलं असतं. त्यातले पोटाच्या कातडीचे किंवा ऑपरेशनच्या जागेचे रुग्ण वेगळे काढायचे, प्रत्येकाला ऑपरेशन कधी झालं ते विचारायचं, जखम अजून वाहत असेल तर नवा तुकडा घेऊन सलाईनमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. यादी खात्याकडे आधीपासूनच आहे.